दुःख कॅमेऱ्यात उतरतं का? वेरुश्काबद्दलच्या तीन प्रश्नांना उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांची भाची एकवीस वर्षांची आहे आणि तिला मॉडेलिंगमध्ये उतरायचंय. तिच्या वाचनात वेरुश्का आली. नात्झींनी वडिलांना फासावर चढवलं, पाचव्या वर्षी मुलीला आईपासून तोडलं, घर गेलं, घर होतं तो मुलूखसुद्धा गेला. आणि पुढे हीच मुलगी साठच्या दशकातल्या सर्वांत नावाजलेल्या मॉडेल्सपैकी एक झाली. मामांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. वेरुश्काच्या फोटोंत जी खोली जाणवते ती त्या बालपणातून आली का? आमच्या भाचीसारख्या सुखवस्तू घरातल्या मुलीला मग ते जमणारच नाही का? आणि वेरुश्कासारखंच भाचीलाही नाव बदलायचंय, बदलावं का?

मी मुंबईत फॅशन फोटोग्राफी करते. आधी मासिकांसाठी बरीच केली, आता जास्त करून जाहिराती आणि कॅटलॉग, आणि मधूनमधून शिकवते. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण नुसतं ‘नाही’ म्हणून भागणार नाही, कारण त्या बालपणाचा आणि त्या फोटोंचा संबंध आहेच. तो लोक समजतात तिथे नाही, एवढंच.

वर्गात मी वेरुश्काचा एक जवळून घेतलेला चेहरा नाव-गाव न सांगता दाखवते. मुलं म्हणतात, ‘थंड आहे’, ‘भाव खातेय’, ‘कंटाळलीये’. मग तिची हकीकत सांगते आणि तोच फोटो पुन्हा लावते. आता त्याच डोळ्यांत सगळ्यांना वेदना दिसायला लागते. फोटो तोच असतो. चरित्र कॅमेऱ्याला कळत नाही. त्याला कळतो प्रकाश, गालाचं हाड, मान किती वळली आहे आणि नजर लेन्सच्या आत आहे की थोडी वर. ज्याला आपण डोळ्यांतली खोली म्हणतो, ती पुष्कळदा समोर लावलेला मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्याचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) आणि ‘माझ्याकडे नको, माझ्या मागे बघ’ एवढी सूचना असते.

तरी हकीकत नीट सांगते, कारण ती अर्धवट सांगितली जाते आणि अर्धवटपणामुळेच चुकीचे निष्कर्ष निघतात.

वेरुश्काचं खरं नाव वेरा फॉन लेन्डॉर्फ. जन्म 14 मे 1939 चा, क्योनिग्सबर्गचा. तेव्हाच्या जर्मनीतला पूर्व प्रशिया हा प्रांत. महायुद्ध सुरू व्हायला साडेतीन महिने होते. घराणं जुनं, सरदारी. माझुरियाच्या तळ्यांकाठी श्टाइनऑर्ट नावाची त्यांची जहागीर आणि सतराव्या शतकात बांधलेला वाडा. चार बहिणींत वेरा दुसरी. 1941 मध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केली तेव्हा हिटलरचं मुख्य ठाणं, ‘वुल्फ्सशान्झे’, याच भागातल्या जंगलात उभं राहिलं आणि परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपने लेन्डॉर्फांच्या वाड्याचा एक भाग आपल्या मुक्कामासाठी ताब्यात घेतला. म्हणजे घराच्या एका अंगाला नात्झी मंत्री, त्याचे पाहुणे, त्याचे पहारेकरी. आणि दुसऱ्या अंगाला घरमालक, जो हिटलरला मारण्याच्या कटात सामील होता. त्या मुलींचं बालपण दारिद्र्याचं नव्हतं. घोडे होते, तळी होती, वाढलेली झाडं होती. पण भिंतीपलीकडे कोण ऐकतंय याची काळजी करत मोठी माणसं बोलत असत.

वडील हाइनरिश फॉन लेन्डॉर्फ राखीव दलातले अधिकारी होते. पूर्व आघाडीवर, बोरिसोव या गावी, हजारो ज्यूंची कत्तल त्यांनी पाहिली आणि त्यानंतर ते कटवाल्यांकडे ओढले गेले असं इतिहासकार सांगतात. 20 जुलै 1944 ला कटातला लष्करी अधिकारी श्टाउफेनबर्गने हिटलरच्या बैठकीत बॉम्ब ठेवला. हिटलर वाचला. दुसऱ्याच दिवशी लेन्डॉर्फना धरायला माणसं श्टाइनऑर्टला पोहोचली. ते दोनदा निसटले, एकदा घरातून आणि एकदा बर्लिनला नेल्यावर, आणि दोन्ही वेळा पुन्हा हाती लागले. 4 सप्टेंबर 1944 ला बर्लिनच्या प्ल्योट्झेनझे तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. वय 35. आदल्या रात्री त्यांनी बायकोला लिहिलेलं लांबलचक पत्र शिल्लक आहे.

आई गॉटलीबे त्या वेळी गरोदर होती. चौथी मुलगी ऑगस्टमध्ये, आई कैदेत असतानाच जन्मली. नवऱ्याच्या गुन्ह्यासाठी बायकोमुलांनाही धरायचं असं धोरण नात्झी पोलिसांचा प्रमुख हिमलरने त्या कटानंतर उघडपणे राबवलं. कटवाल्यांची चाळीसहून अधिक मुलं हार्त्स डोंगरातल्या बाद झाक्सा गावच्या एका बालगृहात नेऊन ठेवली. त्यांत वेरा आणि तिच्या बहिणी होत्या. तिथे मुलांची आडनावं काढून घेऊन दुसरी लावली गेली. आपण कोण, हे त्यांनी कुणाला सांगायचं नव्हतं. वेरा पाच वर्षांची होती.

ही गोष्ट इथे थांबत नाही, आणि हाच भाग लोक सोडून देतात. काही महिन्यांनी मुली आईकडे परतल्या. 1945 च्या जानेवारीत सोव्हिएत फौजा पूर्व प्रशियात घुसल्या, श्टाइनऑर्ट कायमचं गेलं. क्योनिग्सबर्ग रशियाकडे गेलं आणि 1946 मध्ये त्याचं कॅलिनिनग्राड झालं. श्टाइनऑर्टचा वाडा पोलंडमध्ये गेला आणि त्याचं नाव श्टिनोर्ट पडलं. युद्ध संपल्यावर तरी या कुटुंबाला मान मिळाला असेल असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. पश्चिम जर्मनीत पहिली काही वर्षं 20 जुलैवाल्यांकडे पुष्कळ लोक गद्दार म्हणूनच बघत. बर्लिनमध्ये तो उठाव मोडून काढणारा अधिकारी रेमर युद्धानंतर राजकारणात उतरला आणि भर सभेत त्यांना देशद्रोही म्हणायचा. त्यावरून ब्राउनश्वाइगच्या कोर्टात 1952 साली खटला झाला, फ्रिट्झ बाउअर यांनी सरकारी बाजू लढवली आणि रेमर दोषी ठरला, तेव्हा कुठे वारं फिरायला सुरुवात झाली. म्हणजे वेराची जवळजवळ सगळी शाळा अशा देशात झाली, जिथे बापाचं नाव सांगायचं की गिळायचं हे समोरचा माणूस बघून ठरवावं लागे. घरही ठिकाणावर नव्हतं. तिने एकूण तेरा शाळा बदलल्या. उंची भराभर वाढत होती, सहा फुटांच्या पुढे गेली, आणि प्रत्येक नव्या वर्गात ती सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत नवी.

पुढे तिने हॅम्बुर्गला कलेचं शिक्षण घेतलं आणि तिथून फ्लॉरेन्स गाठलं. विशीत असताना तिथे उगो मुलास या फोटोग्राफरची नजर तिच्यावर पडली. मुलास फॅशनवाला कमी आणि चित्रकार-शिल्पकारांचे फोटो काढणारा म्हणून जास्त ओळखला जातो, हे लक्षात ठेवा. आणि फ्लॉरेन्सच का, तर 1952 पासून पित्ती राजवाड्याच्या पांढऱ्या दालनात इटलीच्या फॅशनचे मोठे शो भरत. अमेरिकेतले खरेदीदार तिथे येत. 1960 च्या सुमारास एका उंच, सडपातळ मुलीला नशीब काढायला ते गाव चुकीचं नव्हतं.

आता माझा मुद्दा. 1961 मध्ये ही मुलगी न्यूयॉर्कला गेली. चेहरा तोच, उंची तीच, बालपण तर तेच. काम मिळालं नाही. निराश होऊन ती परत युरोपात आली. सोसलेलं दुःख चेहऱ्यावर उमटतं आणि कॅमेरा ते टिपतो हे जर खरं असतं, तर 1961 मध्येही ते टिपलं गेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा जगातले उत्तम फोटोग्राफर बसले होते. त्यांना काही दिसलं नाही. आणि दुसरीकडून बघा. बाद झाक्साच्या त्या बालगृहात चाळीसहून अधिक मुलं होती. सगळ्यांचे बाप असेच मारलेले किंवा तुरुंगात डांबलेले. वेरुश्का त्यांतली एकच झाली.

मग 1961 ला का जमलं नाही? थोडं धंद्याचं सांगते. त्या काळच्या अमेरिकन मासिकांना हवी होती नीटनेटकी, हातमोजे घातलेली, कुलीन बाई. आणि कपड्यांचे जे नमुने शूटला येतात, ज्याला आम्ही सॅम्पल म्हणतो, ते एका ठरावीक अंगाचे शिवलेले असतात. मॉडेल सॅम्पलपेक्षा बारीक असली तर पाठीमागून क्लिपा लावून कपडा अंगासरशी करता येतो. कुठल्याही शूटवर मॉडेलच्या पाठीमागे जाऊन बघा, क्लिपांची रांग दिसेल. पण मॉडेल सॅम्पलपेक्षा लांब असेल तर काही करता येत नाही. बाही मनगटाच्या वर राहते, कंबर कंबरेच्या वर बसते. सहा फुटांहून उंच मुलगी म्हणजे स्टायलिस्टच्या डोक्याला ताप. दिसायला कितीही सुंदर असली तरी तिला काम द्यायला कारण लागतं. वेराकडे ते कारण नव्हतं. ती एक उंच, लाजरी जर्मन मुलगी होती, आणि युद्ध संपून पंधरा-सोळा वर्षं झाली असताना न्यूयॉर्कमध्ये जर्मन असणं ही काही मिरवायची गोष्ट नव्हती.

परत आल्यावर तिने जे केलं, ते माझ्या मते तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम आहे, पुढच्या सगळ्या मुखपृष्ठांपेक्षा मोठं. तिने वेराला घरी ठेवलं आणि एक नवीनच बाई तयार केली. नाव वेरुश्का, वेराचं रशियन लाडाचं रूप. आडनाव नाही. कपडे नखशिखांत काळे. चाल मुद्दाम संथ, जनावरासारखी. कुठून आलात विचारलं तर जर्मनी, पोलंड आणि रशियाच्या सीमेवरून. आणि फोटोग्राफरकडे गेल्यावर इतर मुलींसारखा आपला पोर्टफोलिओ पुढे करायचा नाही. उलट तुम्ही माझ्या चेहऱ्याचं काय करू शकता ते बघायला आले आहे, असा पवित्रा.

हे किती धाडसाचं आहे ते या धंद्यात असल्याशिवाय कळणार नाही. ऑडिशनला आलेली मुलगी खालच्या पायरीवर उभी असते. तिच्या हातात फोटोंचं बाड, समोरचा ते भराभर उलटतो, ‘ठीक आहे, कळवतो’ म्हणतो. इथे एक काळ्या कपड्यातली बाई येऊन तुमचंच काम तपासते आहे. फोटोग्राफरांमध्ये अहंकार काय कमी असतो? त्याला लगेच वाटतं, हिला दाखवूनच देतो. काम तिथेच मिळालेलं असतं.

आणि ती जी थाप मारत होती, ती तरी किती थाप होती? जन्मगाव रशियात गेलेलं, घर पोलंडमध्ये गेलेलं, पासपोर्ट जर्मन. जर्मनी, पोलंड आणि रशियाच्या सीमेवरची बाई हे तिचं सर्वांत अचूक वर्णन होतं. तिने फक्त बापाची फाशी आणि बालगृह वगळलं आणि उरलेल्याला गूढ रंग दिला. बालपणाचा संबंध मला इथे दिसतो. सरकारने पाच वर्षांच्या मुलीचं आडनाव एका फटक्यात बदललं होतं. तेरा शाळांत तेरा वेळा नव्याने ओळख करून द्यावी लागली होती. नाव, गाव, घराणं या गोष्टी आपल्याला जन्मजात आणि पक्क्या वाटतात. तिला त्या कधीच पक्क्या वाटल्या नसणार. म्हणून विशीतल्या मुली जिथे ‘पण ही मी नाही’ म्हणून अडतात, तिथे ती अडली नाही. हा माझा तर्क आहे, पण पुढचं सगळं काम या तर्काला धरून जातं.

बाकी काळ तिच्या बाजूने वळला, हेही सांगायला हवं, नाहीतर सगळं श्रेय तिच्या युक्तीला दिल्यासारखं होईल. 1963 मध्ये डायना व्रीलंड अमेरिकन ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या मुख्य संपादक झाल्या. व्रीलंडबाईंना रोजच्या वापराचे कपडे दाखवण्यात रस नव्हता. त्यांना हवी होती स्वप्नं, आणि त्यांच्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतायची त्यांची तयारी होती. 1966 च्या ऑक्टोबरच्या अंकासाठी त्यांनी फोटोग्राफर रिचर्ड अव्हेडन, स्टायलिस्ट पॉली मेलन आणि वेरुश्का यांना फरच्या कोटांच्या पेट्या भरभरून देऊन जपानला पाठवलं. बर्फात, फरमध्ये गुंडाळलेली वेरुश्का, एका फोटोत तर अजस्र सुमो मल्लाच्या सोबत. आजवरच्या सर्वांत खर्चिक फॅशन शूटमध्ये त्याचं नाव घेतात. आता माझ्या क्लिपांच्या मुद्द्याकडे परत या. फरच्या कोटाला फिटिंग लागत नाही. सुमोशेजारी सहा फुटांची बाई उंच वाटत नाही. 1961 मध्ये जी तिची अडचण होती, तिच्याभोवती आता चित्रं रचली जाऊ लागली.

तिचा मित्र, इटालियन फोटोग्राफर फ्रँको रुबार्टेली, याच्यासोबतचं काम मला त्याहून आवडतं. 1968 मध्ये हे दोघं आणि डिझायनर जॉर्जिओ दि सान्त’अँजेलो ॲरिझोनाच्या वाळवंटात गेले. शिवलेले कपडे जवळपास नाहीतच. कापडाचे तागे, दोऱ्या, पट्टे. अंगाभोवती गुंडाळायचं, बांधायचं, की झाला पोशाख. लुगडं नेसणाऱ्यांच्या मुलखात याचं नवल वाटायला नको. सहावारी असो की नऊवारी, अंगाला बसते ती नेसणारीच्या हातामुळे. सॅम्पलचा प्रश्नच मिटला. त्याच वर्षी फ्रेंच डिझायनर इव्ह सँ लोराँच्या सफारी जॅकेटमधला, हातात बंदूक घेतलेला तिचा फोटोही रुबार्टेलीनेच काढला, आणि ते जॅकेट आजही त्या फोटोमुळे ओळखलं जातं. लाइफ मासिकाने 1967 मध्ये तिला मुखपृष्ठावर घेतलं होतंच.

इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनीच्या 1966 च्या ‘ब्लो-अप’ या सिनेमातला तिचा प्रसंग तुमच्या भाचीने नक्की पाहिला असेल. फॅशन फोटोग्राफी म्हटलं की जगभर तोच आठवतो. फोटोग्राफर तिच्या अंगावर वाकून फोटो काढतोय, ओरडून सूचना देतोय, ती जमिनीवर पडलेली. प्रसंग काही मिनिटांचा, आणि तिची भूमिका म्हणजे ती स्वतःच. माझ्या दृष्टीने त्या प्रसंगाने आमच्या धंद्याचं मोठं नुकसान केलं. कर्ता पुरुष कॅमेऱ्यामागे आणि बाई म्हणजे त्याच्या हातातला माल, हे चित्र त्याने पक्कं केलं. शिकायला येणारे मुलगे अजूनही तसं उड्या मारत फोटो काढू बघतात. (गुडघे दुखतात आणि फोटो हलतात, एवढंच निष्पन्न होतं.) वेरुश्काच्या बाबतीत तर ते धडधडीत खोटं. कोणत्या रूपात यायचं, तोंड कसं रंगवायचं, कुठे जायचं, यातलं पुष्कळसं ती ठरवायची. आजच्या भाषेत ती मॉडेल कमी आणि क्रिएटिव्ह डायरेक्टर जास्त होती, फक्त तसं पद तेव्हा कुणी तिला दिलं नाही आणि तसे पैसेही दिले नाहीत.

साठच्या दशकातच ती स्वतःचं अंग रंगवायला लागली होती. प्राणी, दगड, मूर्ती. मग 1970 च्या सुमारास जर्मन कलाकार होल्गर ट्र्युल्श याच्याबरोबर तिने या कामाला वाहून घेतलं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. तासन् तास उभं राहून अंगावर रंग चढवायचा, इतका की गंजलेल्या दारापुढे ती दार होईल, पोपडे आलेल्या भिंतीपुढे भिंत. हॅम्बुर्गच्या मासळीबाजाराच्या जुन्या इमारतीत त्यांनी असे फोटो काढले. पुढे इटलीतल्या प्राटोमध्ये चिंध्यांच्या गोदामात, कापडाच्या ढिगांत ती अशी मिसळली की फोटोत माणूस शोधावा लागतो. हे फोटो भाचीला आवर्जून दाखवा. जगातल्या सर्वांत जास्त बघितल्या गेलेल्या बायांपैकी एक, आणि तिचं स्वतःचं सर्वांत मनापासूनचं काम म्हणजे दिसेनासं होण्याचं. आता कुणी म्हणेल, इथे ते लपवलेलं आडनाव आहे, इथे ते बालगृह आहे. मला तसं वाटतं खरं. पण ते डोळ्यांत आपोआप उतरलेलं नाही. ब्रश, रंग, चाळिशीतलं शरीर आणि पाय दुखेपर्यंत उभं राहणं, यातून ते आलं.

किंमतही होती. नैराश्याच्या झटक्यांबद्दल तिने स्वतः उघडपणे सांगितलं आहे, आणि ते यशाच्या ऐन काळातही होते. ‘युद्धाने होरपळलेली मुलगी प्रसिद्धी मिळून सुखी झाली’ अशी गोष्ट कुणी सांगत असेल तर त्याला हा भाग विचारा.

शेवट धंद्याच्याच कारणाने झाला. 1971 मध्ये व्रीलंडना ‘व्होग’ने काढलं आणि ग्रेस मिराबेला आल्या. अमेरिकेत मंदी होती, बायका नोकऱ्यांना निघाल्या होत्या. महिन्याला दोन निघणारा अंक 1973 पासून एकावर आला. मिराबेलांना ऑफिसला घालता येतील असे कपडे आणि शेजारीण वाटेल अशी बाई हवी होती. वेरुश्काने केस कापावेत, साधं दिसावं, असा आग्रह झाला. तिने नकार दिला आणि 1975 मध्ये फॅशनचं काम जवळपास थांबवलं. मिराबेला चुकल्या असं मी म्हणणार नाही. त्यांचा अंक वाढला. पण जिने स्वतःला स्वतः रचलं होतं तिला दुसऱ्याने रचलेली बाई व्हायला सांगणं, हे होणारं नव्हतंच. पुढे क्वचित ती दिसत राहिली. 2010 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, लंडनमध्ये डिझायनर जाइल्स डीकनच्या शोमध्ये ती रॅम्पवर चालली. व्हिडिओ पाहिला तर चाल ओळखता येते.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते, सुखवस्तू घरातल्या मुलीचं काय. इथे ॲलेक वेक या मॉडेलचं नाव घ्यायला हवं, कारण युद्ध आणि मॉडेलिंग म्हटलं की आजकाल आधी तीच आठवते. 1977 चा जन्म, दक्षिण सुदानातलं वाउ गाव, डिंका समाज, भावंडं नऊ. यादवी युद्धात घर सोडून पळावं लागलं, त्या धावपळीत वडील गेले, 1991 मध्ये निर्वासित म्हणून लंडनला पोहोचली. 1995 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस भागातल्या बाजारात फिरताना एजन्सीच्या माणसाने तिला हेरलं, आणि 1997 मध्ये अमेरिकन ‘एल’ मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचा काळाभोर, बारीक केसांचा चेहरा झळकला. तिची आणि वेरुश्काची वाट मुळातच वेगळी आहे. वेरुश्काने युद्धाची गोष्ट लपवून गूढ विकलं. ॲलेकची युद्धाची गोष्ट मात्र मासिकांनी पहिल्या दिवसापासून तिच्या नावाला चिकटवली. निर्वासित मुलगी, छावणी, मग पॅरिस, हा साचा तेव्हापासून इतका चालतो की काही एजन्सीज मुलीची मापं लिहितात तिथेच तिची करुण कहाणीही लिहितात. मला याचा वीट आहे. ॲलेकला काम मिळालं ते सौंदर्याची गोरी फूटपट्टी मोडायची गरज बाजाराला वाटू लागली होती म्हणून, आणि तिच्या अंगात ते वजन पेलायची ताकद होती म्हणून. युद्धाने तिला ते दिलं नाही. युद्धाने तिचे वडील नेले.

तेव्हा मामा, तुमची भाची पार्ल्यात किंवा कोथरूडमध्ये आईच्या हातचं खाऊन वाढली असेल तर त्यात काही कमी नाही. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांतल्या उत्तम मुली बहुतेक अशाच घरांतल्या. शूटवर कामाला येते ती वेगळीच गोष्ट. पहाटे पाचचा कॉल टाइम असेल तर पावणेपाचला हजर असणं. मेमध्ये लोकरी कोट घालून घाम न दिसू देणं. पन्नासाव्या फ्रेमला पहिल्या फ्रेमइतकंच ताठ असणं. आणि आपलं शरीर बाहेरून कसं दिसतंय याचा हिशेब आतून ठेवता येणं. हा हिशेब शिकता येतो. आरशासमोर नाही, फोनवर व्हिडिओ काढून, रोज, स्वतःची चाल बघून.

भाचीला वेरुश्काकडून घ्यायचंच असेल तर हे घ्यावं: पहिल्या अपयशानंतर तिने ‘मला संधी नाही’ असं न म्हणता ‘मी कुठल्या रूपात गेले तर यांना मला नाकारता येणार नाही’ असा विचार केला. उंच असेल तर उंचीभोवती, सावळी असेल तर सावळेपणाभोवती, दात पुढे असतील तर दातांभोवती तिला काम रचता येईल का? मुंबईत कुणी कोऑर्डिनेटर, म्हणजे मॉडेल्सना कामं मिळवून देणारा मध्यस्थ, तिला ‘गोरं हो, नाक नीट कर, मग ये’ सांगेल. तसा माणूस भेटला की दुसरा शोधावा.

राहिलं नाव. बदलायला हरकत नाही, आमच्याकडे निम्म्या मुली बदलतात आणि बरेच मुलगेही. फक्त वेरुश्काचं नाव चाललं ते त्याच्यामागे चाल होती, कपडे होते, पवित्रा होता म्हणून. नुसतं आडनाव गाळून ‘रिया’चं ‘रेया’ केलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. आधी सहा महिने साध्या नावाने टेस्ट शूट करू द्या. कुणी एकरकमी मोठी फी मागून ‘पोर्टफोलिओ बनवून देतो, काम गॅरंटीड’ म्हणत असेल तर तिथून निघून यायचं. होतकरू फोटोग्राफर आणि होतकरू मॉडेल एकमेकांसाठी फुकटात टेस्ट करतात, तीच रीत आहे, आणि दोघांनाही फोटो मिळतात. पहिल्या काही टेस्टना घरातलं कुणीतरी सोबत असावं, तुम्ही स्वतः गेलात तरी चालेल, फक्त सेटवर मध्येमध्ये बोलू नका. नवं नाव ठरलंच तर ते पोर्टफोलिओवर आणि इन्स्टाग्रामवर टाकावं, पण करारावर, बिलावर आणि बँकेत मात्र पॅन कार्डावरचंच नाव. नाहीतर पैसे अडकतात, आणि ते सोडवताना आमच्या अकाउंट्सवाल्यांचे फोन मग मामांनाच येतात.